न चाखलेला द्रोण

अमरावतीहून परत आल्यावर सुमरतीने सगळ्यात आधी पेटीतून बिसनचा सदरा काढला. जंगलातल्या आगी विझवणाऱ्या मजुरांना मिळतो तसला खाकी सदरा, एका बाहीला जळाल्याचं भोक असलेला. एरवी हा सदरा हातात घेतला की तिची बोटं थरथरायची, आणि तो पेटीत परत जायच्या आत ती बाटलीकडे वळलेली असायची. आज बोटं शांत होती. तिने सदरा नाकाशी धरला. धुराचा जुनाट वास आला. हा आपल्या मुलाचा सदरा आहे हे तिला कळलं, पण तेवढंच कळलं. कोपऱ्यातली टोपली टोपली आहे हे कळावं, तसं.

ती बराच वेळ तशीच बसून राहिली. दारात तिचा नवरा भुरालाल उभा होता. बायको सदरा घेऊन बसली आहे आणि रडत नाही, दारू मागत नाही, हे पाहून त्याचा चेहरा उजळला होता. औषध लागू पडलं, असं त्याने शेजारी सांगूनही टाकलं.

सुमरती आणि भुरालाल मेळघाटातल्या सालईढाणा या कोरकू आदिवासी वस्तीतले. बिसन त्यांचा एकुलता एक मुलगा. दर वर्षी वाढत चाललेल्या उन्हाळ्यात मेळघाटचं जंगल आता होळीच्या आधीच पेटू लागलं होतं. उपग्रहावरून आगीची सूचना फोनवर यायची, ड्रोन वरून धूर दाखवायचे, पण आग विझवायला शेवटी माणसंच जायची, हातात हिरव्या फांद्या घेऊन. अशाच एका दुपारी वारा फिरला आणि बिसन ज्वाळांच्या मधे सापडला. त्याचं लग्न ठरलेलं होतं.

मोहाची दारू सुमरतीला नवी नव्हती. बारशाला, लग्नाला, मरणाला, देवाला, सगळ्यालाच ती लागायची. लहानपणापासून तिने ती सणासुदीला घेतली होती. बिसन गेल्यावर मात्र सण राहिला नाही, नुसती दारू राहिली. ती सकाळी घ्यायची, शेतात घ्यायची, बाजाराच्या वाटेवर पडून राहायची. भुरालालने त्याच वर्षी दारूला हात लावणं सोडलं आणि मुलाचं नाव घेणंही सोडलं. घरात दोन माणसं होती, एक सतत त्याच्याबद्दल बोलणारं आणि एक कधीच न बोलणारं.

अमरावतीच्या व्यसनमुक्ती केंद्रात नवं औषध आलं आहे असं गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईकडून कळल्यावर भुरालालनेच तिला इलेक्ट्रिक बसमध्ये बसवलं होतं.

त्या औषधाचं खरं नाव लांबलचक होतं. वॉर्डातले सगळे त्याला 'उकल' म्हणायचे. त्यामागचा शोध साधा वाटणारा, पण दूरवर पोचणारा होता. आठवण म्हणजे दगडावर कोरलेली अक्षरं, असा आपला समज असतो. तसं नसतं. एखादी गोष्ट आठवते तेव्हा मेंदूतल्या ज्या पेशींच्या जोडण्यांमध्ये ती साठवलेली असते, त्या जोडण्या काही तास सैल होतात. मग नवी प्रथिनं तयार होतात आणि जोडण्या पुन्हा घट्ट बसतात. म्हणजे आठवण काढली की ती पुन्हा लिहिली जाते. 'उकल' त्या प्रथिनांचं काम लांबवत असे. मधल्या वेळात आठवण ओल्या गिलाव्यासारखी मऊ असायची. तेव्हा जे घडेल त्याचा ठसा तिच्यावर उमटायचा, आणि काहीच घडलं नाही तर ती फिकी होऊन वाळायची.

व्यसन हीही एक आठवणच. एक वास, एक जागा, काही माणसं आणि पहिल्या घोटाने मिळालेला दिलासा यांची पक्की बसलेली गाठ. ती सोडवायची तर तिला आधी हलवावं लागे, आणि नुसतं आठवून ती हलत नसे. मेंदूने एखाद्या गोष्टीची पक्की वाट पाहावी आणि ती घडू नये, तेव्हाच तो आपलं जुनं लिखाण तपासायला बाहेर काढतो. म्हणून केंद्रात रुग्णाच्या नाकात औषधाचा फवारा मारत, डोळ्यांवर चष्मा लावून त्याला त्याचा नेहमीचा बार दाखवत, दारूचा वास देत, पेला ओठांपर्यंत नेत, आणि काढून घेत. मग पांढऱ्या भिंतींच्या खोलीत त्याला शांत बसवून ठेवत. शहरातल्या बहुतेकांना एवढं पुरत होतं. बार फिका पडायचा आणि त्या बारशिवाय त्यांचं फारसं काही बिघडत नसे.

सुमरतीला चष्म्यातले रंगीत दिवे आणि उंच खुर्च्या पाहून काहीच झालं नाही. तिच्या मेंदूचा आलेख सपाट राहिला. मग कुणीतरी मोहाची खरी दारू आणली. वास येताच पडद्यावरच्या रेघा एकदम उसळल्या. सगळ्यांना आनंद झाला. पण त्या वासाबरोबर बार आला नव्हता. तिचं लग्न आलं होतं, बिसनचं बारसं आलं होतं, बापाचं मरण आलं होतं, आणि बिसन. सगळं एकदम मऊ झालं, आणि पांढऱ्या खोलीत कुणी काही न बोलता ते सगळं एकदम फिकं होऊन वाळलं.

हे तिला घरी येऊन सदरा हातात घेतल्यावर कळलं.

दुसऱ्या डोससाठी तिला महिन्याभराने बोलावलं होतं. ती गेली ती नकार द्यायला. केंद्राच्या प्रमुख डॉ. अस्मिता गुल्हाने मूळच्या अचलपूरच्या. हुशार, कमी बोलणाऱ्या आणि स्वतःच्या कामाबद्दल फारशी भाबडी समजूत नसलेल्या बाई होत्या. औषधाच्या चाचण्यांमध्ये मेळघाटातून आलेले निम्म्याहून जास्त रुग्ण पहिल्या डोसनंतर परत येत नाहीत, हे त्यांनी पाहिलं होतं. सहकारी म्हणायचे, अंतर लांब आहे, शिक्षण कमी आहे. डॉक्टरबाईंना ते कारण पटत नव्हतं, पण दुसरं सापडलंही नव्हतं.

त्यांनी सुमरतीला सगळं स्पष्ट सांगितलं. एका डोसने गाठ नुसती सैल होते. दुसरा घेतला नाही तर दोनेक महिन्यांत तलफ परत येईल. आणि हे औषध आयुष्यात दोनदाच देता येतं. तिसऱ्यांदा दिलं तर मेंदूची आठवणी बसवायची स्वतःची शक्तीच मंदावते.

सुमरती कोरकूत बोलत होती. डॉक्टरबाईंच्या कानातलं दुभाषी यंत्र ते मराठीत सांगत होतं. पहिल्या वेळी अर्धा मुलगा गेला, दुसऱ्या वेळी उरलेला जाईल, असं ती म्हणाली. मग तिने आणखी एक वाक्य उच्चारलं, ते यंत्राने असं सांगितलं: मुलाचं डोकं अजून बसवलेलं नाही.

डॉक्टरबाई दचकल्या. भ्रम तर होत नाही ना, म्हणून त्यांनी यंत्र काढून ठेवलं आणि साध्या मराठीत विचारलं. सुमरतीला बाजारापुरती मराठी चांगली येत होती. तिने समजावलं. डोकं नाही, मुंडा. माणूस गेला की त्याच्या नावाने सागाचा खांब कोरायचा, वर सूर्य-चंद्र, खाली घोड्यावरचा स्वार. गावाबाहेरच्या झाडाखाली, आधीच्या सगळ्यांच्या रांगेत तो बसवायचा. तोवर मेलेला माणूस आपल्या पूर्वजांत जात नाही, दाराबाहेर ताटकळत राहतो. आईने द्रोणात दारू घेऊन त्याला हाक मारायची, दारू त्याला घालायची, आणि म्हणायचं, जा आता. बिसनचा मुंडा कोरून तयार होता. दोनदा दिवस ठरला, दोन्ही वेळा सुमरती पिऊन पडली. नंतर भुरालालनेच तो विषय बंद केला.

डॉक्टरबाईंनी तिला पुन्हा सांगायला लावलं: द्रोण हातात घ्यायचा, दारूचा वास येणार, आणि ती दारू पिण्याऐवजी मुलाला घालायची? सुमरती हो म्हणाली. डॉक्टरबाई खुर्चीत मागे रेलल्या. वाट पाहायची आणि ते घडू द्यायचं नाही. त्यांच्या खोलीत जे चष्मा आणि पेला करत होते, ते इथे होतं, आणि वर पांढऱ्या भिंतीही नव्हत्या. ओल्या गिलाव्यावर उमटायला तिथे हाका होत्या, माणसं होती, निरोप होता.

"तुमचा दुसरा डोस तिथे दिला तर?" त्यांनी विचारलं.

सुमरतीने विचारलं, त्या वेळी चुकून एक घोट गेला तर काय होईल. डॉक्टरबाईंनी खोटं सांगितलं नाही. गाठ आधीपेक्षा घट्ट बसेल, आणि ती सोडवायला पुन्हा औषध नसेल.

"मग तिथेच द्या," सुमरती म्हणाली.

केंद्राच्या समितीने परवानगी द्यायला बरीच खळखळ केली. उघड्या माळावर, गर्दीत, खरी दारू समोर ठेवून उपचार, हे कुणालाच झेपत नव्हतं. डॉक्टरबाईंनी स्वतः तिथे थांबायची आणि परिणामांची सगळी जबाबदारी घ्यायची तयारी लिहून दिली, तेव्हा एका रुग्णापुरती परवानगी मिळाली.

अडचण गावातही होती. सालईढाण्याचा भुमका, म्हणजे गावाचा पुजारी, तुमला नावाचा म्हातारा होता. डॉक्टरबाई त्याला भेटायला गेल्या तेव्हा त्याने त्यांना खाटेवर बसवलं, चहा दिला आणि सगळं ऐकून घेतलं. औषधाला त्याची हरकत नव्हती. पण एक गोष्ट सोडता येणार नाही, म्हणाला. दारू मेलेल्याला घालण्याआधी आईने चाखायची असते. चाखलेलं खाल्लं म्हणजे घरचं खाल्लं, न चाखलेलं म्हणजे परक्याचं. परक्याचं घेऊन पूर्वजांत कसं जाणार? डॉक्टरबाईंनी पाणी चालेल का विचारलं. तो नाही म्हणाला. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि हे दोघांनाही कळत होतं, त्यामुळे आवाज कुणाचाच चढला नाही.

गावातली जाणती माणसं बसली. बोलणं दुपारभर चाललं. शेवटी तुमला भुमक्याने वाट काढली: आईला जमत नसेल तर बापाने चाखलं तरी चालेल. पोरात दोघांचंही रक्त आहे.

पण भुरालाल ऐकेना. त्याला हा सगळा प्रकारच पसंत नव्हता. सुमरतीशी त्याचं त्या दिवशी जे बोलणं झालं ते गेल्या कित्येक वर्षांतलं सगळ्यात मोठं होतं. दवाखान्यातच दुसरा डोस घे, तो म्हणाला. विसरलीस तर विसरलीस. पोरगा गेलाच आहे, निदान तू तरी राहा.

"विसरून मी राहिले, तर राहिली ती कोण?" सुमरती म्हणाली.

"भाकरी करणारी, शेतात येणारी. मला तेवढी पुरे."

"मला नाही पुरत."

तो उठून गेला. त्या खांबाजवळ मी येणार नाही आणि दारूला तोंड लावणार नाही, असं जाताना सांगून गेला. सुमरतीने त्याच्यामागे कुणाला पाठवलं नाही. दिवस तिने बदलला नाही. तलफ परत येऊ लागली होती. बाजाराच्या दिशेने वारा आला की तोंडाला पाणी सुटायचं, आणि आता वेळ फार उरला नाही हे तिला त्यावरून समजत होतं.

ठरल्या सकाळी गावाबाहेरच्या जांभळीखाली माणसं जमली. जुन्या मुंड्यांची रांग होती. काही उन्हापावसाने गुळगुळीत झालेले, काहींवरचे घोडे अजून ठळक. शेवटी नवा खड्डा खणला होता. ढोलकी आणि बासरी वाजत होती. हळद लावलेला बिसनचा मुंडा दोघा भाच्यांनी उचलून आणला. डॉक्टरबाईंनी सुमरतीच्या कपाळावर पातळ पट्टी बांधली, तिच्यातून मेंदूच्या लहरी त्यांच्या हातातल्या पडद्यावर येत होत्या. डोक्यावरच्या पदराखाली ती पट्टी दिसतही नव्हती. भुरालाल आला नव्हता.

डॉक्टरबाई सुमरतीच्या कानाशी वाकल्या. चाखायला कुणी नसेल तर आपण आज थांबू, औषध अजून दिलेलं नाही, असं त्यांनी सांगितलं. सुमरतीने मान वर केली आणि नाक पुढे केलं. डॉक्टरबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि फवारा मारला.

मुंडा खड्ड्यात उभा राहिला. माती लोटली, दगड ठोकले. तुमला भुमक्याने पळसाच्या पानांचा द्रोण भरून सुमरतीच्या हातात दिला. मोहाचा वास वर आला आणि तिच्या अंगावर काटा आला. पडद्यावर रेघा उसळल्या. थोडी दारू तिच्या मनगटावर सांडली. ओठ आणि द्रोण यांच्यात वीतभर अंतर होतं आणि सगळं गाव पाहत होतं. भुमका नियमाप्रमाणे म्हणाला, चाख आणि दे.

सुमरती हलली नाही. डॉक्टरबाई एक पाऊल पुढे सरकल्या आणि थांबल्या. हे त्यांच्या हातात नव्हतं.

मग सुमरती खांबाशी बोलली. आवाज मोठा नव्हता, पण ढोलकी थांबली होती, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आला.

"बिसन, ही मी चाखलेली नाही. चाखली तर मी पुन्हा तिचीच होईन, तुझी राहणार नाही. तू गेल्यापासून तुझ्या वाटणीचीसुद्धा मीच प्याले. आता ही सगळी तुझी. परक्याची समजू नको. तुझ्या मायची आहे. घे आणि जा. सगळे तिकडे वाट पाहतायत."

आणि तिने द्रोण खांबाच्या बुडाशी उपडा केला. शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवला. माती काळी झाली.

तुमला भुमका ओठ मिटून उभा होता. नियम मोडला होता, आणि तो समोर मोडला गेल्यावर काय करायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तेवढ्यात गर्दीच्या मागे हालचाल झाली. भुरालाल पुढे येत होता. तो सकाळपासून शेताच्या बांधावरच्या, धुऱ्यावरच्या सालईच्या झाडाआड उभा होता, हे नंतर समजलं. तो कुणाकडे न बघता भुमक्यासमोर गेला आणि हात पुढे केला. भुमक्याने दुसरा द्रोण भरला. भुरालालने तो ओठांना लावला, एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि उरलेली दारू सुमरतीने ओतली होती तिथेच ओतली. त्याला काही बोलायचं होतं. "बिसन" एवढंच निघालं. किती वर्षांनी ते नाव त्याच्या तोंडून आलं होतं. तो तिथेच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला.

सुमरती त्याच्याजवळ बसली. त्याला रडताना पाहून तिच्या छातीत काहीतरी हललं. पुरासारखं काही आलं नाही. जमिनीखालून झरा पाझरावा तसं थोडंथोडं येत राहिलं.

औषधाचा अंमल दुपारपर्यंत राहणार होता. या वेळात जे बोललं जाईल ते उमटेल, असं डॉक्टरबाईंनी भुमक्याला सांगून ठेवलं होतं, आणि एवढं त्याला मनापासून पटलं होतं, कारण मुंड्यापाशी बसून मेलेल्याबद्दल बोलायचं ही रीतच होती. म्हणून एकेकाने बिसनचं काही ना काही सांगायला घेतलं. मधाच्या पोळ्याखालून तो कसा पळाला. मास्तरांच्या चपला त्याने कशा बैलाच्या शिंगाला अडकवल्या. माणसं हसली, सुमरतीही हसली. जिच्याशी त्याचं लग्न ठरलं होतं आणि जी आता दुसऱ्या गावी नांदत होती, तिने फोनवरून सांगितलं की तो बासरी अगदी वाईट वाजवायचा. मोहाचा वास मातीतून येतच होता. पण आता त्या वासात हे सगळे आवाज होते. डॉक्टरबाई झाडाला टेकून पडद्याकडे बघत होत्या. उसळलेल्या रेघा हळूहळू उतरत होत्या, पण त्या सपाट झाल्या नाहीत. पुढे पुढे त्यांनी पडद्याकडे बघायचं सोडलं आणि ऐकत बसल्या.

सगळंच परत आलं असं मात्र झालं नाही. पहिल्या डोसमध्ये जे गेलं ते गेलं. बिसन पहिल्यांदा चालला तो दिवस सुमरतीला आठवतो, पण दुसऱ्या कुणी सांगितल्यासारखा. तलफही पूर्ण गेली नाही. लग्नघरी द्रोण फिरू लागले की तिचा घसा अजून कोरडा पडतो. पण त्या वासाबरोबर आता हातातला उपडा द्रोण आठवतो, काळी झालेली माती आठवते, आणि ती उठून स्वयंपाकाकडे जाते. गावाने सुरुवातीला तिला आग्रह केला, मग सोडून दिला. तुमला भुमक्याने पुढच्या एका मुंड्याच्या वेळी स्वतःहून विचारलं, आई चाखून देणार की नुसतं ओतणार. विचारायची रीत तिथून सुरू झाली.

डॉक्टरबाईंनी सगळं लिहून समितीपुढे ठेवलं. एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही, असं उत्तर आलं. ते खरंच होतं. त्यांनी मेळघाटातून न परतलेल्या रुग्णांची गावं काढली आणि एकेका भुमक्याला भेटायला सुरुवात केली. काही ठिकाणी दार बंद झालं, काही ठिकाणी चहा मिळाला. दोन-तीन वेळा त्यांनी सुमरतीला सोबत नेलं. औषधाचं त्या सांगायच्या. घसा कोरडा पडतो तेव्हा काय करायचं, हे सुमरती सांगायची, आणि तो पडणार हे आधीच सांगायची.

पुढच्या उन्हाळ्यात मोह फुलला. झाडं सोडून चालणार नव्हतं. मोहाची फुलं वाळवून वर्षभर खायची असतात, विकायची असतात. भुरालाल म्हणाला होता, तू घरी थांब, मी एकटा वेचीन. सुमरती टोपली घेऊन पहाटेच्या उजेडात त्याच्याबरोबर निघाली. झाडाखाली जमीन पिवळसर फुलांनी भरली होती आणि वास इतका दाट होता की डोकं जड व्हावं. ती सवयीने वेचू लागली. भुरालाल दुसऱ्या बाजूने वेचत येत होता. एकदा तिचे हात थांबले आणि तिने डोळे मिटून घेतले. भुरालालने ते पाहिलं. तो फुलं टाकून तिच्याजवळ आला नाही, वेचतच राहिला, आणि वेचता वेचता म्हणाला, "त्याचं काहीतरी सांग. मी ऐकलं नसेल असं."

सुमरतीने थोडा विचार केला. मग डोळे उघडून, पुढचं फूल उचलत, ती सांगू लागली.